सौरचूल : विकत घेण्याआधी शिकून घ्यावी

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक शेतकरी घरांत आज गॅसची शेगडी आलेली आहे. तरीसुद्धा मागील दारची चूल काही विझलेली नाही. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, सणासुदीचे मटण, आणि सिलिंडर संपला की रोजची भाकरीदेखील तिच्यावरच होते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरी सिलिंडर पोचला हे खरे. पण तो पुन्हा भरून आणायला रोख पैसे लागतात. सरपण मात्र बांधावरून फुकट मिळते, असे आपण धरून चालतो.

ते फुकट नसते. त्याची किंमत घरातील बाई भरते, आणि ती किंमत हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही एवढेच. ओल्या लाकडाच्या, तुराट्यांच्या आणि गोवऱ्यांच्या धुरात इतके बारीक कण असतात की ते नाकात अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला चढण चढताना दम लागतो, सकाळी खोकल्याची उबळ येते, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो. जिने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही तिची ही अवस्था झाली, की आपण "वय झाले" म्हणून मोकळे होतो. मांडीवर किंवा पाठीशी घेतलेल्या तान्ह्या मुलाला त्याच धुरातून न्यूमोनिया जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. हा आकडा हिवतापाच्या बळींपेक्षा मोठा आहे. पण हिवतापाच्या डासाची जेवढी धास्ती आपण घेतो तेवढी धुराची घेत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आपल्याकडे आठ महिने लख्ख ऊन असते. स्वच्छ दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढ्या जागेवर साधारण एक हजार वॅट इतकी उष्णता पडते, म्हणजे एका विजेच्या शेगडीएवढी. ही उष्णता अंगणात रोज उतरते आणि परत जाते. मग सौरचूल घरोघरी का दिसत नाही?

यंत्र नवीन आहे म्हणून, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ साली मुंबईतच आठ आरशांची सौरचूल करून दाखवली होती. ऐन जानेवारीत सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाजी मिळून, तिच्यावर दोन तासांत शिजला अशी त्यांची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत तबकडीची चूल तयार केली. तिचा मोठा गाजावाजा झाला, पण ती लोकांच्या अंगणात गेली नाही. पुढे १९८२ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचे स्वतंत्र खाते काढले. त्या दशकात काचेचे झाकण आणि आरसा लावलेल्या सौरपेट्या सरकारी सवलतीने वाटल्या गेल्या, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत देशभर काही लाख पेट्या खपल्या.

त्यांतल्या किती आज उन्हात आहेत हे आपण आपल्याच ओळखीच्या घरांत पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्या पेटीत जुनी वर्तमानपत्रे किंवा कांदे-लसूण ठेवलेले आढळतात. याला बाईचा आळस कारणीभूत नाही. पेटी घरी आणली पुरुषांनी, तालुक्याच्या गावी प्रदर्शनात पाहून. तिच्यावर रांधायचे होते घरच्या बाईने, आणि तिला कोणी काही सांगितलेच नाही. तिने नेहमीच्या पांढऱ्या पातेल्यात नेहमीएवढे पाणी घातले, दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहिले, दुपारी एक वाजताही डाळ कच्ची निघाली, आणि सासूने एकदा नाक मुरडले. पेटीचा निकाल त्याच दिवशी लागला. पुढे काच फुटली तर ती कोण बसवून देणार, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

इंदूरचा दाखला

या बाबतीत इंदूर शहराकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांची ही नगरी, आणि तिथल्या जुन्या पेठांत मराठी अजून घरात बोलली जाते. शेतकऱ्याला तर हे नाव आणखी एका कारणाने माहीत असायला हवे. अल्बर्ट हॉवर्ड या शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन खत कुजवण्याची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आपल्या कंपोस्टच्या खड्ड्याचे मूळ तिथे आहे.

याच इंदुरात १९८५ साली खेड्यातील स्त्रियांसाठी एक निवासी शिक्षणसंस्था सुरू झाली. बहाई धर्माच्या मंडळींनी ती काढली. आज तिचे नाव बारली ग्रामीण महिला विकास संस्थान असे आहे. 'बारली' म्हणजे आदिवासी घराच्या मध्यभागी असलेला, सगळे छप्पर तोलून धरणारा खांब. झाबुआ, धार, खरगोन, बडवानी या भागांतील भिल्ल, भिलाला मुली तिथे येऊन राहतात. त्यांतल्या अनेकींनी आधी शाळेचे तोंड पाहिलेले नसते. त्या लिहा-वाचायला शिकतात, शिवण शिकतात, आरोग्याची आणि शेतीची माहिती घेतात. आणि संस्थेचा स्वयंपाक उन्हावर होत असल्यामुळे तेही शिकून जातात.

या संस्थेची धुरा पहिल्या दिवसापासून २०११ पर्यंत डॉ. जनक पलटा मॅकगिलिगन यांनी वाहिली. जालंधरचा जन्म, चंदीगडचे शिक्षण. तरुणपणी हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेली ही बाई इंदूरला आली ती तिथलीच झाली. त्यांचे पती जिमी मॅकगिलिगन उत्तर आयर्लंडचे. संस्थेचे व्यवस्थापन ते पाहत आणि हत्यारे हातात घेऊन सौरचुलीच्या कामातही रमत. २०११च्या एप्रिल महिन्यात त्यांचे अपघाती निधन झाले. जनकताईंना २०१५ साली पद्मश्री मिळाली.

सौरचुलीकडे वळण्यापूर्वी या संस्थेचे एक जुने काम सांगितले पाहिजे, कारण शिकवणे म्हणजे काय ते त्यातून कळते. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना नारूचा रोग आठवत असेल. पायविहिरीत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातून बारीक किडा पोटात जायचा, आणि वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा जंत पायाची कातडी फोडून बाहेर यायचा. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हते. उपाय दोनच होते : पाणी दुपदरी फडक्याने गाळून प्यायचे, आणि नारू झालेल्या माणसाने पाण्यात पाय घालायचा नाही. म्हणजे हा रोग घालवायचा तर घराघरात जाऊन बाईशी बोलणे भाग होते. झाबुआ जिल्ह्यातील ३०२ गावांत या संस्थेत शिकलेल्या स्त्रियांनी ते काम केले, आणि १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने संस्थेला 'ग्लोबल ५००' हा सन्मान दिला. देशातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ज्या मुलीला काल अक्षरओळख नव्हती तिने गावाला पाणी गाळायला शिकवले. ती सांगत होती ते गावाने ऐकले, कारण ती त्याच पाण्यावर वाढलेली, त्याच बोलीत बोलणारी होती.

सौरचुलीची विद्या याच वाटेने गेली. संस्थेत मुलींना 'सौर ऊर्जेचे फायदे' या विषयावर भाषण ऐकवून घरी पाठवले जात नाही. उन्हावरचे अन्न त्या महिनोन् महिने खातात, स्वतः रांधतात, भांडी घासतात, आरसे पुसतात. कोणत्या महिन्यात ऊन कसे पडते, ढग आला तर काय करायचे, हे हाताला कळते. अशी मुलगी गावी जाऊन "उन्हावर डाळ शिजते" म्हणते, तेव्हा ती ऐकीव गोष्ट सांगत नसते.

मोठ्या स्वयंपाकाची तबकडी

संस्थेत बसवलेली मोठी सौरचूल ही शेफ्लर पद्धतीची. तिची हकिगत आपल्या वाचकांना आवडेल. वोल्फगांग शेफ्लर या जर्मन गृहस्थाने तिचा पहिला नीट चालणारा नमुना १९८६ साली उत्तर केनियातील एका मिशन केंद्रात उभा केला. साध्या आरशाच्या तबकडीत एक अडचण असते. सूर्य सरकला की तबकडी फिरवावी लागते आणि तिच्याबरोबर भांडेही हलते. त्यामुळे बाईला उन्हातच उभे राहून रांधावे लागते. शेफ्लरने तबकडी अशा आसावर बसवली की ती घड्याळासारखी हळूहळू सूर्यामागे फिरते, पण तिचा एकवटलेला प्रकाश मात्र दिवसभर एकाच ठिकाणी पडतो. मग भिंतीला झरोका ठेवून तो प्रकाश आत चुलीवर घेता येतो. बाहेर ऊन, आत सावलीत स्वयंपाक. दुसरी महत्त्वाची गोष्ट, ही रचना त्याने पेटंटाच्या कुलपात घातली नाही. गावचा लोहार आणि वेल्डर ती बनवू शकेल असाच त्याचा प्रयत्न राहिला.

हीच पद्धत आपल्या महाराष्ट्रात शिर्डीच्या संस्थानाने २००९ साली फार मोठ्या प्रमाणावर वापरली. तिथे प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून त्या वाफेवर हजारो लोकांचे जेवण शिजवले. शिर्डीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी त्या गच्चीकडे मान वर करून पाहिलेलेही नसेल!

घरगुती वापराला एवढा खटाटोप नको. मात्र वसतिगृह, आश्रमशाळा, दवाखाना अशा ठिकाणी, जिथे रोज पन्नास-शंभर पाने उठतात आणि सरपणाचा ढीग लागतो, तिथे या चुलीचा विचार जरूर व्हावा. अट एकच : तिची रोज सकाळी जुळवणी करणारा आणि हवामानाच्या फेराप्रमाणे तबकडीचा बाक बदलणारा एक माणूस आधी तयार करावा. माणूस आधी, तबकडी नंतर.

सनावदियाचे घर

संस्थेतून निवृत्त झाल्यावर जनकताई इंदूरजवळच्या सनावदिया गावात राहू लागल्या. तिथे त्यांनी पतीच्या नावाने 'जिमी मॅकगिलिगन सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट' हे केंद्र चालवले आहे. केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इमारत आणि पाटी येते. हे मुळात त्यांचे राहते घर आणि भोवतालचे थोडेसे शेत. सौरचुली अंगणात मांडलेल्या, सौर वाळवणयंत्र बाजूला, पवनचक्की आणि सौरपट्ट्या यांच्या जोडीवर घरची वीज, आणि त्याच विजेवर गावच्या रस्त्यावरचे दिवे. शाळा-कॉलेजची मुले, गावच्या बायका, शेतकरी येतात, पाहतात, हात लावून शिकतात. होळीला पळसाच्या फुलांपासून रंग करायलाही तिथे शिकवतात. शिकवण्याची फी नाही.

इंदूर शहरातही मोठाली कामे झाली आहेत. २०२२च्या फेब्रुवारीत तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस करणारा कारखाना सुरू झाला. २०२३ साली नर्मदेचे पाणी उपसण्याच्या विजेसाठी महापालिकेने लोकांकडून कर्जरोख्यांवर २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूद येथील ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाकरिता. ही कामे कौतुकाचीच. पण ती पाहून शेतकऱ्याच्या घरातील धूर कमी होत नाही. त्यासाठी सनावदियाच्या अंगणासारखे अंगण आपल्या आसपास हवे.

आपण कुठून आरंभ करावा

पेटीची सौरचूल सर्वांत सोपी, म्हणून तिच्यापासून आरंभ करावा. विकत घेण्याआधी एक पेटी घरी करून पाहावी; त्यात फार तर एक काच आणि अर्धा दिवस खर्च होतो. एकात एक बसतील अशी दोन पुठ्ठ्याची खोकी घ्यावीत. मध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. त्या जागेत भाताचे तूस किंवा चुरगाळलेला कागद गच्च भरावा. आतल्या खोक्याच्या बाजूंना चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद चिकटवावा आणि तळाला काळा रंग दिलेला पत्रा ठेवावा. वर काच. काचेच्या कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली की आतली गरम हवा निसटत नाही. मागे झाकणासारखा एक आरसा, किंवा तोच चकचकीत कागद चिकटवलेला पुठ्ठा, असा उभा करावा की उन्हाची तिरीप काचेतून आत पडेल. काळा रंग फळ्याला देतात तसा, चमक नसलेला घ्यावा. भांड्यांना तो फक्त बाहेरून द्यावा, आतून कधीही नाही. पहिले एक-दोन दिवस पेटी रिकामीच उन्हात ठेवावी, म्हणजे रंगाचा वास निघून जातो.

आता रांधण्याविषयी. सकाळी साडेनऊच्या सुमारास पेटी मांडून अर्धा-पाऊण तास नुसती तापू द्यावी. भांडी पातळ पत्र्याची, बुटकी, झाकणाची आणि बाहेरून काळी असावीत. मोठ्या एका भांड्यापेक्षा छोटी दोन लवकर शिजतात. वाफ बाहेर जात नसल्यामुळे पाणी चुलीपेक्षा कमी लागते; तांदळाला दुप्पट पाणी पुरते आणि भाज्यांना बहुधा लागतच नाही. भात दीड तास, भिजवलेली तूरडाळ दोन ते अडीच तास, बटाटे दोन तास, हरभरा-राजमा रात्री भिजवून तीन तास, कोंबडीचे कालवण तीन तास असा अंदाज धरावा. अंडी तर पाण्याशिवाय उकडतात. शेंगदाणे मंद भाजले जातात आणि करपत नाहीत. तासाभराने पेटी थोडी सूर्याकडे फिरवावी. झाकण मात्र उघडायचे नाही! प्रत्येक वेळी उघडले की दहा-पंधरा मिनिटांची उष्णता निघून जाते. ढवळायची गरज नसते, कारण तळाला लागत नाही. आणि हीच या चुलीची खरी सोय आहे. बाई शेतावर जाऊन यावी आणि जेवण तयार असावे. नाताळचा केकही या पेटीत उत्तम फुलतो. फक्त डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा पेटीला मागून वीट लावून ती थोडी पुढे झुकवावी.

अन्न शिजल्यावर ते कोमट पेटीत संध्याकाळपर्यंत ठेवू नये. ऊन उतरल्यावर पेटी हळूहळू निवत जाते आणि त्या कोमटपणात अन्नात जंतू वाढतात, भातात तर विशेषच. दुपारी खावे, उरले तर चांगले उकळी येईपर्यंत गरम करूनच रात्री वाढावे.

भाकरी मात्र पेटीत होत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तिला तव्याची धग लागते. तव्यासाठी छत्रीएवढी आरशाची तबकडी मिळते, सव्वा-दीड मीटर व्यासाची. तिच्यावर तळण आणि पोळीही होते आणि तीन लिटर पाणी साधारण अर्ध्या तासात उकळते. पण तिला दर वीस मिनिटांनी वळवावे लागते, आणि तिच्या बाबतीत काळजी घ्यावीच लागते. प्रकाश जिथे एकवटतो तिथे कागद धरला तर पेटतो. म्हणून लहान मुले जवळ येऊ देऊ नयेत, काळा चष्मा लावावा, आणि काम झाले की तबकडी सूर्याकडून फिरवून तिच्यावर गोणपाट टाकावे. गवताच्या गंजीजवळ ती कधीही उभी करू नये.

महिला मंडळाने एक गोष्ट करून पाहावी असे आम्हांस वाटते. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर बायका चर्चच्या आवारात थोडा वेळ रेंगाळतातच. त्या दिवशी मिस्साला जाण्याआधीच दोन पेट्या तापत ठेवाव्यात, मिस्सा संपल्यावर सर्वांसमोर डाळ-तांदूळ आत घालावेत, आणि दुपारी बारा-साडेबाराला झाकण सर्वांसमोर उघडून तिथेच चव घ्यावी. भाषण नको. सासू आणि सून दोघींनाही बोलवावे. एकटी सून शिकून गेली तर घरी तिचे ऐकले जाईलच असे नाही. पुरुषांनी पेटी उचलण्याचे आणि तूस भरण्याचे काम करावे. ज्या दोन-तीन जणींना हात बसेल त्यांच्या घरी पेट्या महिनाभर फिरत ठेवाव्यात, आणि महिन्याअखेर त्यांनीच बाकीच्यांना सांगावे की काय जमले आणि काय फसले. विकत घेण्याचा विचार त्यानंतर. शिवाय गावात काच कापून देणारा आणि पत्र्याचे काम करणारा कोण, हे आधीच बघून ठेवावे.

रात्रीचा स्वयंपाक आणि पावसाळा

सौरचुलीने घरचे सगळे सरपण वाचेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ती दुपारची सोबतीण आहे. ज्या घरी चार-पाच गुरे आहेत तिथे रात्रीसाठी आणि पावसाळ्यासाठी गोबरगॅसला तोड नाही. रोज पंचवीस किलो शेण म्हणजे साधारण एक घनमीटर गॅस. दोन घनमीटरच्या यंत्रावर चार-पाच माणसांचे दोन वेळचे जेवण होते आणि मळीचे खत शेताला मिळते ते वेगळेच. ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांच्यासाठी बैतूल जिल्ह्यातील बांचा गावाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या या जिल्ह्यातील त्या लहानशा आदिवासी गावात २०१८ साली सर्वच्या सर्व ७४ घरांत सौरपट्टी, बॅटरी आणि विजेची शेगडी बसली. त्यांची जुळणी मुंबईच्या आय.आय.टी.ने केली होती. बॅटरीत दिवसाचे ऊन साठते, म्हणून संध्याकाळी चूल पेटवावी लागत नाही. खर्च मोठा आहे आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते; तेव्हा एकट्यादुकट्याने उडी घेण्यापेक्षा गावाने मिळून विचार करण्याचा हा विषय.

पेटीचीच एक धाकटी बहीण शेतकऱ्याच्या फार उपयोगाची आहे, ती म्हणजे सौर वाळवण पेटी. टोमॅटो, मेथी, कांदा यांचे भाव कोसळले की माल बांधावर टाकावा लागतो. तो चिरून काचेखाली जाळीवर वाळवला तर धूळ, माशा आणि पाखरे लागत नाहीत आणि रंगही टिकतो. फरक एवढाच की सौरचूल बंद असावी लागते आणि वाळवण पेटीला खालून हवा आत यायला आणि वरून दमट हवा बाहेर जायला भोके हवीत. भोके नसतील तर माल वाळण्याऐवजी उकडतो आणि त्याला बुरशी येते.

आणि ज्यांना यांतले काहीच शक्य नाही त्यांनी निदान पिण्याच्या पाण्यासाठी ऊन वापरावे. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकची दोन लिटरपर्यंतची बाटली गाळलेल्या पाण्याने भरून पत्र्यावर आडवी ठेवावी. कडक उन्हात सहा तासांत जुलाब-हगवणीचे जंतू मरतात. आभाळ अर्धेअधिक झाकलेले असेल तर दोन दिवस ठेवावी, आणि सतत पाऊस असेल तर हा उपाय चालत नाही, पाणी उकळावेच लागते. पाणी गढूळ असेल तर ऊन आत पोचत नाही. औषध फवारणीची बाटली यासाठी कितीही धुतली तरी वापरू नये. आणि विहिरीत खताचा किंवा औषधाचा अंश उतरला असेल तर तो उन्हाने जात नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी पेटी आत घ्यावी. आरसा मऊ फडक्याने कोरडा पुसून त्याची पाठ ओल लागणार नाही अशी ठेवावी, कारण ओलीने मागचा मुलामा सुटतो आणि मग आरसा बदलण्यावाचून गती नसते. भिजलेले तूस काढून टाकावे. ऑक्टोबरात ऊन स्थिरावले की तळाला काळ्या रंगाचा एक हात मारावा, नवे कोरडे तूस भरावे, आणि रबराची पट्टी कडक झाली असल्यास बदलून पेटी पुन्हा बाहेर काढावी.